धोक्याचं गाणं

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, यावर आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांचं एकमत आहे. एरवी या दोन काठांचं कशावरच जमत नाही. पाद्री कुठला बरा, बटाटा कुठला चविष्ट, पूल कुणाच्या बाजूने आधी गंजला, सगळ्यावर भांडण. पण "हार्म थापा मारतो" असं कुणी म्हटलं की दोन्हीकडच्या माना एकदम हलतात. याचं मला आयुष्यभर कधी वाईट वाटलं नाही. उलट थोडा मानच वाटायचा. आता या वयात, गेल्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारपासून, वाटायला लागलंय.

आमच्या या काळ्या मातीच्या मुलखात त्या काळी दर तिसऱ्या गोठ्यात एक रेडिओ स्टेशन होतं. चोरटं, अर्थातच. सरकारी रेडिओवर शहरातले लोक शहरातल्या लोकांसाठी व्हायोलिन वाजवायचे. आम्हाला हवा होता अकॉर्डियन, आणि गाण्याच्या आधी आपल्या आत्याचं नाव. "हे गाणं पलीकडच्या काठावरच्या हिल्ला आत्यासाठी, तिचा गुडघा बरा व्हावा म्हणून, तिच्या भाच्यांकडून." असं काही कानावर पडलं की माणसाला गाणं आपलं वाटतं. रविवारी चर्च सुटलं, सूप पिऊन झालं, की गाईंच्या मागे ट्रान्समीटर तापत ठेवायचा आणि सुरू करायचं. माझा ट्रान्समीटर असा दणकट होता की कुंपणाच्या तारा पोल्का नाचाची धून म्हणायच्या. शेजारच्या म्हातारीच्या कवळीत माझं स्टेशन लागायचं आणि तिने तोंड मिटलं की आवाज कमी व्हायचा. माझ्या गाई वॉल्ट्झच्या ठेक्यात दूध द्यायच्या, एक धार जोरात, दोन हळू. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते गाईंना विचारा.

खरं नाव हवेत घ्यायचं नाही हा पहिला नियम. मी होतो 'पिसाट बोकड'. एग्बर्ट 'काळी मांजर'. बेरेंड, जो अकॉर्डियनही वाजवायचा, तो 'आंधळा मासा'. आणि आमच्या सगळ्यांच्या वर, सगळ्यात उंच एरियलवाला लुबर्ट, 'कालव्याचा राजा'. त्याचा आवाज लोण्यासारखा होता. बायका इस्त्री करता करता थांबायच्या आणि कपडे जळायचे. सरकारी खात्याची करडी गाडी, डोक्यावर चोरटी स्टेशनं हुडकणारी फिरती कडी घेऊन, रस्त्याला दिसली की लुबर्ट माईक ठेवायचा आणि त्याची बायको रुली मागच्या अंगणात जाऊन चक्री फिरवत एरियल खाली घ्यायची. लोखंडी चक्री, थंडीत हाताला चिकटायची. तो बोलायचा, ती एरियल उतरवायची. संसाराची वाटणी अशी होती.

या रुलीने एक गाणं केलं. एकच. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. दूध काढताना सुचलं म्हणे. कॅफेच्या मागच्या हॉलमध्ये बेरेंडच्या अकॉर्डियनवर ते रेकॉर्ड झालं, तबकड्या छापून आल्या, त्यांवर नुसतं 'रुली' असं लिहिलेलं. सुरुवात अशी होती:

*दार उघडं आहे, आत ये,*
*बूट काढू नकोस, तसाच ये.*

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे चिखलाचे लाकडी बूट मागच्या दाराशी काढायचे आणि मोज्यांवर आत यायचं. राणी आली तरी. पाद्री मरणाच्या अंथरुणाशी प्रार्थनेला आला तरी आधी बूट. आणि ही बाई, जिच्या फरशीवरून आम्ही कोपऱ्याकोपऱ्याने चालायचो, ती एका पुरुषाला म्हणते, तसाच ये. आमच्या मुलखात यापेक्षा उघडं प्रेम कुणी बोलून दाखवलं असेल तर मला माहीत नाही.

आता एक रिवाज सांगतो, सगळी गोष्ट त्याच्यावर अडली आहे. ज्याच्या घरची रेकॉर्ड, त्याने ती हवेत पहिल्यांदा वाजवायची. मग बाकीच्यांनी. त्याआधी दुसऱ्याने वाजवली तर ते दुसऱ्याच्या कोंबडीचं अंडं उचलल्यासारखं. म्हणून आम्ही सगळे लुबर्टची वाट पाहत बसलो. आणि लुबर्ट काही ती वाजवेना.

"अरे, लाव की बायकोचं गाणं," बेरेंड त्याला म्हणाला. "मी त्यात वाजवलंय, मला तरी ऐकू दे."

"हसतील लोक," लुबर्ट म्हणाला. "स्वतःच्या बायकोला हवेत वाजवणारा म्हणून नाव पडेल. राजा कसला, नवरोबा."

तबकड्यांची खोकी बटाट्याच्या तळघरात गेली. रुलीने त्याला एकदाही विचारलं नाही. आपलं आपण पुढे करायचं नसतं, हे इथे दुधाबरोबर पाजतात.

त्याच सुमारास खात्याच्या लोकांनी एग्बर्टचं सगळं सामान उचलून नेलं. ट्रान्समीटर, रेकॉर्डी, वर चहाची किटलीसुद्धा, वायर लावलेली दिसली म्हणून. आमची बैठक बसली लुबर्टच्या स्वयंपाकघरात, सगळे मोज्यांवर. इशारा हवा होता. गाडी ज्याला दिसेल त्याने हवेतून असं काही सोडायचं की सगळ्यांनी ओळखावं. आधी आम्ही खोकल्याची खूण ठरवली होती. मग बेरेंडला खरोखरीची सर्दी झाली आणि सबंध मुलूख आठवडाभर मुका झाला.

"गाणं ठेवू," एग्बर्ट म्हणाला. "एक ठरावीक गाणं. ते लागलं की सगळ्यांनी प्लग ओढायचा."

"पण ते कुणी फर्माईश करून मागितलं तर?" मी म्हटलं. "कुणाच्या आत्याला नेमकं तेच हवं असलं तर?"

तेव्हा लुबर्टने आपल्या लोण्यासारख्या आवाजात तोडगा काढला. "रुलीचं ठेवा. ते कुणी मागणारच नाही. आणि तबकड्या पडल्याच आहेत, प्रत्येकाला एक देतो."

कुणी हसलं, कुणी 'वा' म्हणालं. हात वर झाले. माझा झाला की नाही ते विचारू नका, माझ्या हातात कप होता. रुली तिथेच होती. मनुकांच्या पावाला लोणी लावत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "साखर कुणाला हवीय?"

त्या दिवसापासून 'दार उघडं आहे' म्हणजे सगळी दारं बंद. हवेत ती ओळ आली की कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेशनं विझायची. ज्याने वाजवली तोही पहिली ओळ हवेत गेली की स्वतःचा प्लग ओढायचा. नुसतं ऐकणारेसुद्धा रेडिओ बंद करून त्यावर फुलदाणी ठेवायचे, कारण करड्या गाडीला घरातला साधा रेडिओही दिसतो अशी एक अफवा होती. अफवा कुणी उठवली हे सांगण्यात अर्थ नाही, पण ती चांगली रंगवलेली होती. पोरं शाळेत एकमेकांना घाबरवायला ती ओळ म्हणायची. ती लागली की माझा कुत्रा कॉटखाली जायचा. आमच्या भागात त्या गाण्याइतकं प्रसिद्ध गाणं दुसरं नव्हतं, आणि दुसरी ओळ कुणाला येत नव्हती. माझी तबकडी अजून आहे. बाहेरच्या दोनतीन रेघा झिजून करड्या झाल्यात. आतलं सगळं काळंकुळकुळीत, नवंकोरं.

त्यांच्या लग्नाच्या पंचविशीला शेजाऱ्यांनी दाराला हिरवी कमान बांधली आणि लुबर्टच्या बहिणीने, ती दूर शहरात राहायची, तिला काय ठाऊक, कौतुकाने ती रेकॉर्ड लावली. अर्धे पाहुणे उठून पळाले. लुबर्टने टेबलावरून उडी मारून सुई उचलली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत सगळे हसले. लुबर्ट तर खुर्चीवरून घसरला. रुलीही हसली. मी तिच्या समोर बसलो होतो. ते हसू मला पुन्हा पाहायचं नाही.

नंतर तिने कधी गाणं म्हटलं नाही. चर्चमध्ये नुसते ओठ हलवायची. मी शेजारच्या बाकावर असायचो, मला ऐकू यायचं, म्हणजे यायचं नाही.

मग काळ गेला. करडी गाडी गेली, गोठ्यांतली स्टेशनं गेली. आम्ही म्हातारे झालो आणि एकेक करून पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात जमा झालो. एग्बर्ट तिथे, बेरेंड तिथे. लुबर्टही तिथे, पण नुसता देहाने. आधी डोक्यातून शब्द गेले, मग माणसं गेली. रुली रोज सायकलवरून जायची, त्याला कॉफी पाजायची. तो तिला "बाई" म्हणायचा. "आभारी आहे हं बाई, छान आहे कॉफी." मी अजून माझ्या घरी राहतो, गुरुवारी तिकडे जातो. कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात, पण मी दोन खातो, कारण बेरेंडला गोड वर्ज्य आहे.

अशाच एका गुरुवारी मेरेलने बैठकीच्या खोलीत एक नवा डबा आणून ठेवला. मेरेल म्हणजे तिथली सांभाळणारी मुलगी, पश्चिमेकडच्या मोठ्या शहरातली, मनाने चांगली. डबा लोणच्याच्या बरणीएवढा, आतून निळा दिवा.

"आजोबा, याला सांगायचं काय हवंय ते," ती म्हणाली. "मग तो तुमची आवड ओळखून पुढचं स्वतःच लावतो."

"आमच्या आत्याचं नाव घेतो का आधी?" एग्बर्टने विचारलं.

"नाही."

"मग काय उपयोग."

तरी आम्ही अकॉर्डियन मागितला. त्याने लावला. मग आणखी एक लावला. मग एक जर्मन बाई, मग समुद्रावरचं काहीतरी, आणि बेरेंड पाय हलवायला लागला. मेरेल खूश. "बघा, शिकतोय तुमच्याकडून." आणि मग, कुणी काही न मागता, आमच्यावर खूश होऊन, त्या डब्याने लावलं:

*दार उघडं आहे, आत ये...*

एग्बर्टचे गुडघे कधीच कामातून गेलेत, तरी तो उभा राहिला आणि त्याने भिंतीतला प्लग उपटला. बेरेंडने पडदे ओढले. एक आजीबाई, जिचं आणि स्टेशनांचं काही देणंघेणं नव्हतं, तिने डब्यावर फुलदाणी ठेवली. "गाडी!" कोण ओरडलं? मी असणार, कारण माझा एक पाय तेव्हा खिडकीबाहेर होता. मेरेल मधोमध उभी, हातात बिस्किटांची थाळी.

"काय झालं? कुठली गाडी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग असं हसलो की दोन डॉक्टर धावत आले. एकच डॉक्टर होता, पण धावत आला हे खरं.

मेरेलने फोनवर शोधून काढलं. लिस्बनमधल्या कुणा जुन्या रेकॉर्डींच्या दुकानदाराला ती तबकडी जुन्या बाजारात मिळाली होती, कधी न वाजलेली, आणि त्याने ती इंटरनेटवर जगासमोर ठेवली होती. लाखो लोकांनी ऐकली होती. लिस्बनमध्ये, ओसाकात, कुठे कुठे. खाली शेरे लिहिले होते.

"तुमच्याच भागात कुणी ऐकत नाही," मेरेल म्हणाली. "बाकी सगळीकडे शेवटपर्यंत ऐकतात."

तेच तर. नंतर कळलं, कालव्याकाठच्या घराघरांत या डब्यांनी म्हाताऱ्यांना ते गाणं देऊन पाहिलं होतं, आणि घराघरांत म्हाताऱ्यांनी पहिल्या ओळीला त्याचा गळा दाबला होता. यंत्र बिचारं शहाणं. त्याने समजून घेतलं की या लोकांना ही बाई सहन होत नाही. त्या दिवसानंतर त्याने आमच्याकडे ते सुचवणं बंद केलं. 'ते कुणी मागणारच नाही' हे लुबर्टला जे एका वाक्यात सुचलं होतं, ते यंत्रालाही थोडक्यात उमगलं.

रुली त्या दुपारी सायकल लावून आत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"थापा मारू नकोस, बोकडा," ती म्हणाली.

मेरेलने फोन दाखवला तेव्हा ती कोट न काढता खुर्चीवर बसली. मेरेल शेरे वाचून दाखवत होती. ओसाकातल्या एका बाईने लिहिलं होतं की ती तिसऱ्या कडव्याला रडते.

"तिला बुटांचं कळलं?" रुलीने विचारलं.

"त्यांच्याकडेही दारातच काढतात," मेरेल म्हणाली.

रुलीने कोटाचं एक बटण सोडलं. मग मला म्हणाली, "हार्म, मला लुबर्टला ते ऐकवायचंय. शेवटपर्यंत. एकदा."

"आता? त्याला काय कळणार?"

"न कळू दे. तिसरं कडवं त्याचं आहे. त्याला द्यायचं राहिलंय." आणि मग, "तो गेला की ते कुणाला देऊ मी? ओसाकाला?"

पुढच्या गुरुवारी आम्ही लुबर्टच्या खोलीत गेलो. तो खिडकीशी बसला होता, हात मांडीवर, दोन वाळलेल्या माशांसारखे. चमचा कसा धरायचा तेही त्या हातांना आठवत नव्हतं. मेरेलने डबा टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. *दार उघ...* एवढंच. मेलेला हात मांडीवरून उठला, टेबलावरून सरळ गेला आणि बरोबर बटणावर पडला. मग परत मांडीवर. लुबर्ट खिडकीबाहेरच पाहत होता.

"पुन्हा," रुली म्हणाली.

या वेळी आम्ही डबा कपाटावर, त्याच्या हाताबाहेर ठेवला. गाणं सुरू झालं. त्याचा हात टेबलावर चाचपडला, काही सापडेना. मग तो घाबरला. असा घाबरलेला म्हातारा माणूस मी पाहिला नव्हता. तो उठायला गेला, खुर्चीच्या हातांमध्ये अडकला, आणि ओरडला, अगदी जुन्या आवाजात, लोण्याच्या:

"रुली! रुली, एरियल उतरव!"

मेरेलने गाणं थांबवलं. रुली त्याच्यापाशी वाकून उभी होती. तिचा चेहरा उजळला होता, खोटं सांगत नाही.

"माझं नाव घेतलं त्याने," ती म्हणाली. "ऐकलंस? केवढ्या दिवसांनी."

"ऐकलं."

मग तो चेहरा हळूहळू परत विझला. कारण पुढचे शब्दही आम्ही दोघांनी ऐकले होते.

"उतरवलं हं," तिने लुबर्टला सांगितलं. "उतरवलं एरियल. बस खाली."

तो बसला. तिने हात एकमेकांवर चोळले, जशी चक्री फिरवल्यावर चोळायची.

बाहेर ओसरीत मी तिला म्हटलं, "अगं, त्याला गाण्याची भीती नाहीये. पहिल्या ओळीची आहे. पहिली ओळ वगळू. दुसऱ्या कडव्यापासून लावू. ते हवेत त्याने काय, कुणीच ऐकलेलं नाही. त्याला काय माहीत ते कुठलं गाणं."

"लबाड आहेस," ती म्हणाली. माझ्या लबाडीला तिच्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी.

त्याच्याही पुढचा गुरुवार. तिने तपकिरी रविवारचा पोशाख घातला होता आणि केस बांधून घेतले होते. बर्फ वितळून सगळीकडे चिखल होता; दारातल्या पायपुसण्यावर तिने बूट घासघासून पुसले. मेरेलने डबा परत टेबलावर ठेवला आणि फोनवर गाण्याची रेघ बोटाने पुढे सरकवली. आणि अकॉर्डियनच्या मधूनच तो आवाज आला.

मी आयुष्यात बरंच वाढवून सांगितलंय, म्हणून इथे काहीच वाढवत नाही. तरुण बाईचा आवाज होता. थोडा भरडा. श्वास घेतलेला ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यात ती म्हणत होती की फरशी पुसलीय, दिवा लावलाय, कालव्यावर कुणाची तरी नाव थांबलीय. आणि मग तिसरं:

*तुझा चिखल मी पुसणार नाही,*
*विचारतील त्यांना ठसे दाखवीन.*
*आणि तू आलाच नाहीस तर*
*तुझे बूट घालून मीच घरभर चालेन.*

लुबर्टने मान फिरवली होती. हात मांडीवरच होते. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता, जसा पूर्वी नवी रेकॉर्ड आली की ऐकायचा, डोकं एका बाजूला टाकून. गाणं संपलं तेव्हा त्याचे गाल ओले होते. रुली पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने रुमाल काढला, पण त्याला पुसलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "कोण गातंय हे?"

मी तोंड उघडलं. रुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "आवडलं का तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हणाली ती. त्याला, आयुष्यात पहिल्यांदा.

"फार छान. हे लावायला हवं होतं." कित्येक महिन्यांनी तो इतकं बोलत होता. "हे कुणी लावलं कसं नाही? हिला सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. आमच्या घरी ऐकवायला हवं."

"घरी कोण आहे?"

"बायको. तीही गायची. एक गाणं केलं होतं तिने."

"हो का? तुम्ही ऐकलंत?"

लुबर्ट हसला. तोच राजाचा हसरा चेहरा, इस्त्र्या जाळणारा. "हजारदा."

"कसं होतं?"

तो आठवायला लागला. कपाळावर आठ्या पडल्या. प्रामाणिकपणे आठवत होता तो, उगाच बोलायचं म्हणून बोलणाऱ्यातला नव्हता.

"आखूड होतं," तो म्हणाला. "फार आखूड."

रुलीने रुमालाची घडी घातली. आणि त्या डब्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. आमच्या मुलखात पहिल्यांदाच कुणीतरी ते गाणं शेवटपर्यंत जाऊ दिलं होतं. त्याला वाटलं असेल, अखेर आवडली यांना ही बाई. निळा दिवा लागला, आणि कुणी न सांगता त्याने तेच गाणं पुन्हा लावलं. या वेळी पहिल्यापासून.

*दार उघ...*

हात उठला, गेला, बटणावर पडला.

"गाडी आली," लुबर्ट आम्हाला म्हणाला, शांतपणे, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

रुलीने कोटाची बटणं लावली, खालून वर, एकही चुकवली नाही. त्या दिवशी रस्ते निसरडे होते म्हणून तिने सायकल तिथेच ठेवली आणि मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडलं. कालव्याच्या कडेने जाताना ती समोर बघत होती.

"तू ऐकलंस ना, हार्म?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत?"

"ऐकलं."

"कसं होतं?"

माझ्याकडे अशा वेळेसाठी कोठारभर वाक्यं असतात. कुंपणाच्या तारा, गाई, चर्चच्या घंटा आपोआप वाजल्या वगैरे. एकही तोंडात येईना.

"चांगलं होतं," मी म्हटलं. "फार चांगलं होतं, रुली."

ती हसली. मघाशी म्हटलं ना, ते हसू मला पुन्हा पाहायचं नव्हतं.

"काय नशीब बघ," ती म्हणाली. "अख्ख्या मुलखात ज्याने शेवटपर्यंत ऐकलं तो एकटा तू. आणि तुझं कोण खरं मानणार?"

मी मागच्या अंगणात गाडी थांबवली. चक्री अजून खांबाला होती, गंजलेली. मागच्या दाराशी लुबर्टचे लाकडी बूट ठेवलेले होते, शेजारी तिचे. रुली उतरली, चिखलातून दारापर्यंत गेली, आणि पायातले बूट न काढता तशीच आत गेली.

दार तिने लावून घेतलं. कडीचा आवाज गाडीपर्यंत आला.